डॉक्टरबाईंच्या भुवईवरची खूण

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या डॉक्टरबाई, आणि समोर बसलेले माझ्यासारखे पेशंट व त्यांचे हैराण नातेवाईक,

पेशंटांच्या वतीने मी बोलावं असं ठरलं. खरं तर माझा पिंड भाषणाचा नाही. आमचा धंदा जुन्या गाड्या फोडण्याचा, त्यामुळे घरातही बोलणं कमी आणि हाणामारी जास्त.

बाईंच्या भुवईवरची खूण आपण पाहिली असेल. ती माझ्या थोरल्याची करणी. तो मागच्या रांगेत बसलाय, वळून बघू नका. माझ्या फुफ्फुसाच्या कॅन्सरची जनुकांची तपासणी झाली, त्यात दोन बिघाड निघाले आणि दोन्हींवर वेगवेगळ्या गोळ्या. बाई म्हणाल्या, गाठ वाढवतोय तो पहिला बिघाड, आधी त्याचीच गोळी देऊ. दोन्ही एकदम दिल्या तर फुफ्फुसच सुजायचं. थोरल्याला पटेना. आमच्याकडे गाडी आली की चहूबाजूंनी एकदम घण घालतात, तसेच आईच्या छातीतही घालायचे, हा त्याचा हट्ट. धाकटा बाईंच्या बाजूने बोलला, तर याने त्याचं तोंड टेबलावर आपटलं. दात तुटून रिपोर्टवर पडला. मग लोखंडी स्टूल बाईंवर भिरकावलं. मी काठीने त्याचं मनगट मोडलं. शेवटी आई आहे मी, बघत कशी बसणार?

आणि बाईंनी काय केलं? डोळ्यात उतरणारं रक्त बाहीने पुसलं, दोघांकडे पाठ केली आणि मला विचारलं, "आजी, शरीर तुमचं आहे. तुम्हाला काय हवंय?" हे तोवर मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, एकच गोळी. तेव्हापासून बाईंच्या खोलीत पेशंट आधी बोलतो, नातेवाईक मागून.

त्या गोळीने मला धाकट्याची लेक शाळेत जाताना दाखवली. आता ती गोळी लागू पडेनाशी झालीय. दुसरा बिघाड बळावलाय, त्यात तिसऱ्याची भर. पुढचं औषध आहे, पण गुणाची खात्री नाही आणि धाप वाढण्याची भीती मोठी. बाईंनी पुन्हा आधी मलाच विचारलं. माझं उत्तर घरी सांगितलं नाही, कारण घरात घण फार. इथे चारचौघांत सांगते. मी आता औषध घेणार नाही. मरणाची भीती वाटते मला, तरी नाही.

बाई, तुमचे आणि या सभागृहाचे मनापासून आभार. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. आणि थोरल्या, ती खुर्ची खाली ठेव.