जिन्यातला पाऊण तास

चष्म्याच्या दुकानात एक निवृत्त शिक्षिकाबाई आपल्या नंबरची वाट बघत होत्या. शेजारच्या खुर्चीवर लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा एक चाळिशीतला गृहस्थ सोबतच्या बहिणीला सांगत होता.

"ताई, काल साहेबांच्या निरोपसमारंभाला गेलो. एक घोटही न घेता."

"तू? अशा ठिकाणी दोन पेग पोटात गेल्याशिवाय तू कुणाशी बोलत नाहीस."

"वीस वर्षं तसंच निभावलं. पण डॉक्टरांनी ऑटिझम सांगितल्यावर म्हटलं, एकदा न पिता जाऊन बघू."

"मग?"

"सगळ्यांना सरळ सांगितलं, मला ऑटिझम आहे, गोंगाट सोसत नाही. मी जिन्यात थांबतो, बोलायचं असेल त्यांनी तिकडे या."

"आलं कुणी?"

"आमच्या कंपनीच्या स्टोअरमधल्या बाई आल्या. लिफ्टचा ब्रेक कसा लागतो, विचारलं. पाऊण तास सांगत होतो."

"पाऊण तास! पळाल्या नाहीत त्या?"

"उलट विचारलं, दोर तुटला तर काय होतं? तेवढ्यात भाषणं सुरू झाली, ते राहूनच गेलं."

काउंटरवरून शिक्षिकाबाईंचा नंबर पुकारला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"काय होतं हो, दोर तुटला तर?"

तो त्यांच्याकडे वळून बसला.

"सांगतो. तुम्हाला घाई नाही ना?"