चढावर शिकलेली

(चिलीतलं तालका. एका शाळेच्या व्यायामशाळेत रोबोंची आंतरशालेय स्पर्धा चालू आहे. दुपारची सुट्टी. भिंतीला टेकून तिघं बसलेत: पंधरा वर्षांची रायेन, तिच्या वर्गातला दारियो, आणि दोघांना टेकड्यांवरच्या वाल्पारायसो बंदरातून आपल्या मिनीबसमधून घेऊन आलेला तेमो, रायेनच्या आईचा दुसरा नवरा. शेजारी मुलांची चाकांवर चालणारी रोबो, पेत्रा.)

रायेन : ‘आज काय खाल्लंस गं चिमणे, ढग की कापूस? वजनच लागत नाही खांद्याला!’ मला खांद्यावर घेऊन पायऱ्या चढताना असंच म्हणायचास ना तू, तेमोकाका? अजून कानात आहे माझ्या. आमची पेत्रा अगदी तुझ्यावर गेलीय.

तेमो : आता मी काय केलं बाई? मी तर आपला चहा ओततोय.

रायेन : सहा किलोची ट्रॉली ओढली तिनं, आणि पडद्यावर आकडा दाखवला साडेतीन. तुझ्यासारखीच खोटारडी.

दारियो : आणि दाखवला तोही कसा, ऐटीत! वर दिवा लावून, शिट्टी वाजवून. परीक्षकबाईंनी ट्रॉलीची पेटी उघडून वाळूच्या पिशव्या बाहेर काढल्या तेव्हा सगळी व्यायामशाळा हसली, काका. तो कोपऱ्यातला संघ तर लोळत होता.

तेमो : हसू देत. हसण्यानं ट्रॉली जड होत नाही. पाव घे, अवोकाडो लावलाय आईनं. रायेन, तूही घे.

रायेन : नको.

दारियो : तिचा मी खातो.

तेमो : तू तुझा खा. पण मला एकदा नीट सांगा, तिला वजन कळतं तरी कसं? तिला ना हात, ना खांदा.

रायेन : मोटरवरून. ओढायला जड लागलं की मोटर जास्त वीज पिते. आम्ही शाळेत ट्रॉलीत माहीत असलेली वजनं ठेवली, एक किलो, दोन किलो, अशी चढत. प्रत्येक वेळी किती वीज प्यायली ते मोजलं आणि तिच्या डोक्यात भरलं. आता पेटी बंद असली तरी ती वीज बघून वजन सांगते.

तेमो : म्हणजे माझ्या बससारखंच. बाजाराच्या दिवशी बायका पिशव्या घेऊन चढल्या की इंजिन कण्हायला लागतं.

रायेन : तसंच. पण तुझं इंजिन खरं कण्हतं. हिचं काय बिनसलंय कळत नाही. काल संध्याकाळपर्यंत शाळेत एकदासुद्धा चुकली नव्हती.

दारियो : मी सांगतो. ही जमीन बघ, कशी चकचकीत. तेल पाजलंय हिला. चाकं घसरतायत.

रायेन : घसरली असती तर ट्रॉली अडखळली नसती का? इथं तर सरळ आली, आणि वीजही कमी प्यायली. ट्रॉली जणू आपण होऊन मागं पळत येतेय.

दारियो : मग बॅटरी.

रायेन : बदलून बघितली.

दारियो : मग नजर लागली. मी काय रोबोंचा डॉक्टर आहे?

तेमो : अजून एक संधी आहे ना?

रायेन : एकच. सुट्टीनंतर. खऱ्या वजनाच्या अर्ध्या किलोच्या आत आलो तर शेवटच्या आठांत. नाहीतर सोमवारी पेत्रा खोक्यात.

तेमो : कसल्या खोक्यात?

दारियो : ती आपली थोडीच आहे, काका! नगरपालिकेनं उसनी दिलीय. शेवटच्या आठांत येणाऱ्या शाळांनी ठेवून घ्यायची, बाकीच्यांनी परत करायची. मग ती दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत जाणार आणि तिथली मुलं तिचं नाव बदलणार.

रायेन : गप ना रे.

दारियो : ‘टर्बो’ ठेवतील. बघच तू.

तेमो : आमच्या गल्लीत ओझी वाहणाऱ्या खेचराचं नाव दिलंय तिला, ती टर्बो व्हायची म्हणजे कठीणच. हं, संत्रं तरी खा. गोड आहे.

रायेन : काका, तू हे काय करतोयस?

तेमो : काय करतोय? सोलतोय.

रायेन : ते नाही. दुसरं. जमिनीवर ठेवलेलं. त्याला पाय आडवा लावून का बसलायस?

तेमो : घरंगळेल ना.

दारियो : काका, ती पलीकडची मुलगी कधीची तुमच्याकडे बघून हसतेय. संत्र्याला पहारा देणारा माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला असणार.

तेमो : तिला काय माहीत? आमच्या घरात संत्रं मोकळं सोडलं तर दारातून बाहेर, तिथून पायऱ्यांवर, आणि रात्रीच्या जेवणाला थेट बंदरात. रायेनच्या आईनं कांदे असेच घालवलेत.

रायेन : पाय काढ.

तेमो : अगं...

रायेन : काका, पाय काढ!

तेमो : घे, काढला.

दारियो : काय बघतेयस? संत्रं आहे ते. जागच्या जागी बसलंय.

रायेन : हो ना! जागच्या जागी बसलंय! दारियो, आपण ट्रॉली कुठं ओढायचो?

दारियो : शाळेच्या व्हरांड्यात. दुसरीकडे जागा कुठाय?

रायेन : कुठून कुठं?

दारियो : फाटकाकडून वर्गाकडे. नेहमीच. वर्गात प्लग आहे म्हणून... अरे देवा.

रायेन : चढ! आपल्या टेकडीवर सपाट जमीन आहेच कुठं? व्हरांडा फाटकाकडे उतरता आहे, पोरं डबे सोडून शर्यत लावतात तिथं. आपल्या पायांना तो कधी जाणवलाच नाही, जन्मल्यापासून तसेच चालतो आपण. पेत्रा चढावर शिकली रे! तिला वाटतं, सहा किलो म्हणजे चढावरचे सहा किलो. इथं सपाटीवर तिला सगळं हलकंच लागणार.

तेमो : म्हणजे ती खोटं नव्हती बोलत.

रायेन : नाही. बिचारी खरंच सांगत होती. टेकडीवरचं खरं.

दारियो : आता काय करायचं? टेकडी इथं आणायची?

रायेन : तिला परत शिकवायचं. सरावाची पट्टी सुट्टीभर मोकळी आहे. फक्त माहीत असलेली वजनं हवीत आणि ती तर शाळेत राहिली. पाणी! एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काका, लिटरच्या बाटल्या. सीलबंद. मिळतील तितक्या.

तेमो : निघालो. दारियो, तो पाव खाली ठेव आणि चल.

दारियो : खात खात येतो.

...

तेमो : ह्या घ्या आठ. स्वयंपाकघरातल्या मावशींनी चार दिल्या, वर विचारलं, मुलांनी जेवण केलं का? उरलेल्या चार त्या हसणाऱ्या मुलीच्या संघानं दिल्या.

रायेन : त्यांनी? ते तर आपल्याच गटात आहेत!

तेमो : तीच म्हणाली, ‘संत्र्याच्या काकांना कसं नाही म्हणायचं?’ एक तर ती स्वतः उचलून घेऊन आली अर्ध्या वाटेपर्यंत.

रायेन : काय बाई माणसं आहेत. बरं, ठेव दोन. ओढ पेत्रा. लिही दारियो. आता चार... बघ, सरळ रेषेत वाढतेय वीज. आता सहा... हे काय? इथं रेषेच्या खाली का आली?

दारियो : पाव कोरडा होता गं.

रायेन : कुठली बाटली?

दारियो : निळ्या झाकणाची. अर्धीच प्यायलो!

तेमो : शाब्बास. पेत्रानं पकडलं तुला. आता मानलं बुवा हिला.

रायेन : हसू नकोस काका, वेळ नाही. ती काढ, दुसरी ठेव. हं. आता बसतंय. आता सात ठेव. सुरेख. भर हे सगळं तिच्यात. जुनं पुसून टाक.

दारियो : पुसू? काय बाई, तीन महिन्यांचा व्हरांडा.

रायेन : पुसू नकोस. बाजूला ठेव. टेकडीवर परत जायचंय ना तिला.

दारियो : चला, नाव पुकारलं आपलं. काका, तुम्ही रेषेच्या मागं थांबा.

तेमो : मी इथंच आहे. संत्रं हातात धरून.

...

दारियो : निघाली. निघाली. काका, दिसतंय का? हूक ताणला गेला, हां, ट्रॉली हलली. सरळ चाललीय. जड आहे ही, मघापेक्षा जड.

तेमो : मला नको सांगू, माझे डोळे मिटलेत.

दारियो : थांबली. आकडा येतोय. सात पूर्णांक... सात पूर्णांक तीन! बाई पेटी उघडतायत. एक पिशवी, दोन, तीन... रायेन तर पांढरी पडलीय. बाई काहीतरी म्हणतायत. काका! साडेसात! साडेसात आहे खरं वजन! आत आलो! आठांत आलो!

तेमो : आलो? मग डोळे उघडतो. अरे, हळू, बस्स कर, माझा चहा सांडलास.

रायेन : काका! पेत्रा आपली! शाळेतच राहणार! 

तेमो : बघितलं गं. म्हणजे ऐकलं. ये इकडे.

रायेन : दारियो, पळ, त्या मुलीला बाटल्या परत दे आणि सांग, शेवटच्या फेरीत तिच्यासाठी पण टाळ्या वाजवणार आम्ही. आणि मावशींना सांग, जेवलो. निळं झाकण तू भरून दे.

दारियो : जातो, जातो. जिंकलो तरी कामं मलाच.

...

तेमो : गेला. आता खा पाव. त्याच्यापासून लपवून ठेवलाय तुझा.

रायेन : काका, तू नसतास तर...

तेमो : मी काय केलं? संत्रं सांभाळलं.

रायेन : तेच. मी कधी म्हटलं नाही तुला. पहाटे उठून बस काढलीस, आजचा दिवस बुडवलास. आणि तो अख्खा हिवाळा, माझ्या पायाला प्लास्टर होतं तेव्हा. रोज खांद्यावर घेऊन शाळेपर्यंत वर. तू गाणं म्हणायचास.

तेमो : आठवतं तुला?

रायेन : ‘पहिली पायरी धुक्याची, दुसरी पायरी मिठाची,
तिसरी चढता दिसली गं, होडी निळ्या शिडाची.’

तेमो : चाल विसरलीस थोडी. शब्द बरोबर.

रायेन : एकदा कोपऱ्यावरच्या एल्बाबाई तुला म्हणाल्या, ‘परक्याचं ओझं किती दिवस वाहणार रे तेमो?’ मी वर बसून ऐकलं होतं.

तेमो : ऐकलं होतंस?

रायेन : हो. आणि दुसऱ्या दिवसापासून तू सुरू केलंस, ढग की कापूस. मी तेव्हा कमी खायला लागले होते, काका. तुला जड होऊ नये म्हणून.

तेमो : म्हणून टाकायचीस होय डब्यातलं? तुझी आई मला विचारायची, हिला झालंय तरी काय.

रायेन : आज खरं सांग. सपाटीवरचं नको, टेकडीवरचं सांग. मी जड होते ना?

तेमो : जड होतीस. प्लास्टरसकट चांगलीच जड. रात्री तुझी आई पाठीला तेल लावायची.

रायेन : मग इतकी वर्षं कशाला...

तेमो : थांब, पुरतं ऐक. चढताना मला कधी काही झालं नाही गं. भिजलेल्या पायऱ्या, धुकं, पण पाय कसा रोवून पडायचा. तुला शाळेत सोडून रिकामा उतरायला लागलो ना, की घसरायचो.