घंटा, पितळी, एक

दिनांक १८ फेब्रुवारी १९९७

माझे नाव राघव नरहर टोकेकर, वय ५१ वर्षे, धंदा पुण्याच्या एका दैनिकाचा दिल्लीतील बातमीदार, शिक्षण एम. ए. (संस्कृत), राहणार मयूर विहार फेज एक, सहकारी सोसायटी, दुसरा मजला, नवी दिल्ली.

समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मी प्रथम हिंदीत सांगू लागलो होतो. "उपर्युक्त विद्यालय के प्रांगण में" इतके होताच उपनिरीक्षक सतबीर सिंह यांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "पंडितजी, बयान दे रहे हो कि कथा बाँच रहे हो? जिस बोली में घरवाली से झूठ नहीं बोल पाते, उसी में खुद लिख दो." म्हणून स्वहस्ते मराठीत लिहीत आहे. याचे भाषांतर कोर्टामार्फत करून घ्यावे लागेल व त्यास बराच वेळ जाईल, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले. ते म्हणाले, "जाने दो."

आमच्या सोसायटीच्या मागे सरकारी शाळा आहे. ती बंद करून इमारत एका खाजगी न्यासाला देण्याचे ठरले असून आज ताबा द्यायचा होता. न्यासाने फाटकाशेजारी फलक आधीच उभा केला आहे : 'वातानुकूलित गुरुकुल'. माझे स्वतःचे शिक्षण पत्र्याखालच्या पाठशाळेत झाले असल्याने या विषयावर मत देण्यास मी पात्र नाही.

शाळेतल्या मुलांना राष्ट्रीय महामार्गापलीकडच्या शाळेत पाठवायचे आहे. बारावीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. आमच्या शेजारच्या जिन्यातली शिवांगी बारावीत आहे; तिचे वडील कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथिगृहात कारकून आहेत. तिच्या बाकावरच्या मुलीला घरून सांगितले आहे की, हायवे ओलांडायचा तर शाळा नको. त्या मुलीचे नाव मी विचारले. तिने सांगितले. येथे लिहीत नाही.

आमच्या संपादकांनी फोनवर विचारले होते, "टोकेकर, यात मराठी माणूस कुठे आहे?" मी शिवांगीचे नाव सांगितले. ते म्हणाले, "मग फोटोसकट पाठवा." त्यावरून मी मंडईतून परस्पर शाळेत गेलो. जवळ कॅमेरा, गळ्यात मफलर व हातात मुळ्यांची कापडी पिशवी होती.

शाळेत घोषणा, फलक, पुतळा जाळणे असे काही नव्हते. सर्व मुले आपापल्या वर्गात बसून होती. मुख्याध्यापिका श्रीमती चंद्रप्रभा व्हरांड्यातल्या उन्हात स्वेटर विणत होत्या. मी शिवांगीला विचारले, "काय गं, आंदोलन कधी सुरू होणार?"

"चालूच आहे ना, काका. आम्ही धरना-वरना काही नाही करत. फक्त शाळेत बसलोय, यार."

"यार कोणाला म्हणतेस?"

"सॉरी काका. थैली द्या इकडे, मी ठेवते. तुम्ही आरामात फोटो काढा."

फोटो काढून झाल्यावर पिशवी परत मिळाली तेव्हा मुळे जड झाले होते. याविषयी मी काही विचारले नाही. वारा सुटला होता, तरी मला उकडू लागले, म्हणून मफलर काढून पिशवीत चारी बाजूंनी नीट खोचला व पिशवी मांडीवर घेऊन शाळेच्या पायरीवर बसलो. शाळा सुटण्याची वेळ झाली तेव्हा चपराशी घंटा द्यायला कडुनिंबापाशी गेला. तेथे फक्त हूक होता.

ताब्याचा हुकूम फाटकावर चिकटवलेला असून मी तो वाचला आहे. अखेरची घंटा झाल्यावर विद्यार्थी बाहेर पडतील व मग इमारत सर्व सामानासह सोपवली जाईल, असे त्यात आहे. खाली सामानाची यादी असून तिच्यात 'घंटा, पितळी, एक' आहे. मुलांचे म्हणणे, घंटा झाली नाही, शाळा सुटलेली नाही, बिनसुटीचे उठलो तर मॅडम मारतील. न्यासाचे व्यवस्थापक श्री. विक्रांत सहगल यांनी मॅडमकडे पाहिले. मॅडम टाके मोजत होत्या.

श्री. सहगल यांनी भिंतीवर आपली विजेची घंटा आगाऊ बसवून घेतली होती. ती दाबली. वीज गेलेली होती. मग त्यांनी गाडीतून देवापुढची छोटी घंटा आणून वाजवली. सर्व वर्ग हात जोडून उभे राहिले. आरती झाल्यावर सहावीतल्या मुलांनी त्यांच्याकडे प्रसाद मागितला.

एवढ्यात एक खरा धोका उत्पन्न झाला. बुढ़िया के बाल, म्हणजे आपल्याकडे म्हातारीचे केस म्हणतात ती गुलाबी मिठाई विकणारा फाटकावरून घंटी वाजवत गेला आणि सहावी उठून पळाली. श्री. सहगल ओरडले, "देखा! छुट्टी हो गई!" शिवांगीने फाटकात आडवे हात धरून सहावी परत फिरवली. तिघांच्या तोंडाला गुलाबी लागले होते. त्यांना मॅडमनी कोपऱ्यात उभे केले, त्यावरून शाळा चालू असल्याचे सिद्ध होते.

यानंतर पोलीस आले. सतबीर सिंह यांचे मत पडले की, पितळेच्या एका ताटासाठी गुन्हा नोंदवायची गरज नाही, शोधू, सापडेल. श्री. सहगल यांना हे पटले नाही. त्यांनी खिशातून मोबाईल फोन काढून वरिष्ठांपैकी कोणाशी तरी बोलणे केले व तो सतबीर सिंह यांच्या कानाला लावला. सतबीर सिंह "जी सर" म्हणाले आणि चोरीचा गुन्हा नोंदवण्यात आला. त्याला क्रमांक पडला आहे.

मुलांना घरी पाठवा, असे सतबीर सिंह यांनी मॅडमना सांगितले. मॅडमनी विणकाम पिशवीत ठेवले व उभ्या राहून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बच्चों, आधी छुट्टी. घर जाकर खाना खाओ. सुबह टाइम से वापस आना." आधी छुट्टी म्हणजे मधली सुट्टी.

मला साक्षीदार म्हणून व शिवांगीला चौकशीसाठी ठाण्यात आणले. तिचे वडील निघाले असून अजून बसमध्ये असावेत. जीपमध्ये चढताना माझे वय पाहून सतबीर सिंह यांनी पिशवी स्वतः उचलून घेतली. तोपर्यंत ती पिशवी शाळेच्या आवाराबाहेर गेलेली नव्हती. घंटा आवाराबाहेर कोणी नेली, या प्रश्नाचे मी खरे उत्तर देणार होतो, पण सतबीर सिंह म्हणाले, "पंडितजी, सोच के लिखना." मी विचार केला आहे. घंटा पिशवीत गेली कशी, हे मी पाहिलेले नाही. शिवांगीने सांगण्यासाठी तोंड उघडले होते. तिला मी पाणी आणायला पाठवले.

ठाण्यात मी पिशवी टेबलावर ठेवली. मुळे बाजूला काढले. मफलरात गुंडाळलेली घंटा सतबीर सिंह यांच्या हवाली केली व ती जप्त करण्याची विनंती केली. मागोमाग आपल्या गाडीने आलेले श्री. सहगल आनंदले. म्हणाले, "बस! अभी ले जाकर बजाते हैं, किस्सा खत्म." त्यांनी हात पुढे केला. सतबीर सिंह यांनी रूळ आडवा धरला.

"हाथ मत लगाओ. केस प्रॉपर्टी है."

"अरे, मेरी ही तो कंप्लेंट है!"

"इसीलिए तो. मालखाने में जाएगी, सील होगी. अदालत छोड़ेगी तब बजा लेना."

श्री. सहगल यांनी तक्रार मागे घेतो म्हणून सांगितले. वरिष्ठांचा फोन येऊन गेला आहे आणि क्रमांक पडला आहे, हे त्यांना समजावण्यात आले. अदालत कधी सोडेल, असे त्यांनी विचारले. सतबीर सिंह यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले, पाने उलटली आणि चहा मागवला. शिवांगी मला हळूच म्हणाली, "काका, म्हणजे एक्झाम होईपर्यंत?" मी तिला चहा थंड होईल म्हणून सांगितले.

हा जबाब शिवांगीने मला मोठ्याने वाचून दाखवला. 'निदर्शनास' व 'उत्पन्न' या दोन शब्दांचे अर्थ तिने विचारले, ते सांगितले. लिहिले ते मी पाहिल्याप्रमाणे बरोबर असून कोणाच्या दबावाखाली लिहिलेले नाही. मुळे परत मिळाले. घंटा जरा कशाला लागली तरी वाजते, सबब ती मफलरासह सील करण्यात आली आहे. मफलर माझी पत्नी सौ. अलकनंदा हिने याच हिवाळ्यात विणलेला आहे. तो परत मिळावा, अशी माझी मागणी नाही. याबाबत तिचा जबाब घेऊ नये; तो घरी गेल्यावर मीच घेईन, किंवा ती माझा घेईल.

सही / राघव नरहर टोकेकर