तीन नंबरचा दिवा

पुरवणी जबाब, दिनांक १६ नोव्हेंबर, सायंकाळी ५ वाजून २० मिनिटे

नाव बान सोक-जू, वय ५९ वर्षे, धंदा दारांना आकड्यांची कुलपे बसवणे, राहणार इमारत १०३, सदनिका ७०२, बंदर रस्ता, मोकपो.

ठाण्यातून बोलावणे आल्यावरून मी पत्नी नो ह्ये-रान, वय ५६, हिच्यासह समक्ष हजर झालो आणि विचारल्यावरून सांगतो की, माझी मुलगी बान दा-उल, वय २४, बेपत्ता असल्याची तक्रार मी परवा १४ तारखेला याच टेबलावर दिली. तक्रार खरी आहे. काल ठाण्यातून फोन आला की, तुमची मुलगी १४ तारखेला संध्याकाळी साडेसात ते नऊ घरात बसून टीव्ही बघत होती, तशी टीव्ही पाहणीच्या कंपनीकडे नोंद आहे, मग आमचा वेळ कशाला खाता. या नोंदीचा खुलासा होईपर्यंत शोध थांबवला आहे असे समजले. म्हणून जे आहे ते सांगून मोकळा होतो.

आमचे घर तीन वर्षांपासून टीव्ही पाहणीत आहे. कोणता कार्यक्रम किती लोक बघतात हे मोजणारी कंपनी निवडक घरांत टीव्हीखाली एक डबी बसवते आणि वेगळा रिमोट देते. त्यावर प्रत्येकाचे बटण असते. एक माझे, दोन पत्नीचे, तीन दा-उलचे. समोर बसताना आपले बटण दाबायचे, उठताना पुन्हा दाबायचे. बसलेल्याचा दिवा डबीवर लागतो. अर्ध्या तासाने तो मिचकायला लागतो, म्हणजे अजून आहात का असे विचारतो. दाबले नाही तर विझतो. आमच्या एका घरामागे हजारो घरे धरतात, म्हणून खोटे दाबायचे नाही असे सही करून दिलेले आहे. ती सही माझी आहे.

दा-उल ३ मार्चला सकाळी घर सोडून गेली. पत्नीला दर रविवारी तिचा मेसेज यायचा, कुठे आहे ते मात्र लिहायची नाही. २ ऑक्टोबरला तिने लिहिले, 'किमची घालायला येते, कोबी मी धुवेन.' त्यानंतर काही नाही. फोन बंद. पत्नी म्हणायची, येते म्हणाली आहे ना, येईल. १२ नोव्हेंबरला आम्ही चाळीस गड्डे कोबीची किमची, हिवाळ्यासाठी मुरवायचे लोणचे, घातली. कोबी मी धुतला. ती आली नाही. दोन दिवसांनी मी इथे आलो.

नोंदीबद्दल सांगतो. घरातले माणूस कमी झाले की कंपनीला फॉर्म भरून द्यायचा असतो. मार्चमध्ये मी तो काढून ठेवला. कारणासाठी त्यात चार चौकोन आहेत. लग्न, लष्करी सेवा, शिक्षण, मृत्यू.

पत्नी म्हणाली, "कुठे खूण करू सांगा. बापाशी भांडून गेली असा चौकोन दिसत नाही मला."

मी म्हणालो, "दा-उलची आई, शिक्षण लिही आणि सोड."

"आणि कॉलेजचं नाव काय लिहू? ते तुम्ही लिहा."

फॉर्म फ्रिजवर पडून राहिला. त्या संध्याकाळी टीव्ही लावल्यावर तिने एक दाबले, दोन दाबले आणि तीनही दाबले. मी विचारले, हे काय? ती म्हणाली, "राहू द्या हो. कुणाच्या तरी मोजणीत असू दे पोरगी."

तेव्हापासून रोज. दिवा मिचकला की ही चुलीवरचे टाकून धावत यायची. बातम्या लावल्या की, "तिला बातम्या आवडत नाहीत," म्हणून गाण्यांची स्पर्धा लावायची. मी म्हणायचो, अगं, ती इथे नाही, मी आहे. "तुम्ही काय, रोजच असता." आठ महिने मला माझ्या घरात धड बातम्या बघता आल्या नाहीत. कंपनीच्या कागदावर विशी-पंचविशीच्या हजारो पोरी त्या स्पर्धेला चिकटून बसल्या होत्या. त्या सगळ्या माझ्या बायकोने दाबलेल्या आहेत.

मी स्वतः दाबले का, असे विचारल्यावरून सांगतो की, दाबले. पत्नी बहिणीकडे गेली होती तेव्हा दोन-तीन वेळा. नाही, बारा वेळा. बहिणीकडे ती बाराच वेळा गेली.

मुलगी का गेली, असे विचारल्यावर मी म्हणालो की त्याचा या नोंदीशी संबंध नाही. ते लिहावे लागेल असे जबाब घेणारे साहेब म्हणाले. मी पाणी प्यालो. २ मार्चला सरकारी नोकरीच्या परीक्षेचा निकाल होता. ती तिसऱ्यांदा नापास झाली. रात्री जेवताना टीव्ही चालू होता. मी म्हणालो, "या घरात तुझं एकच काम आहे, बटण दाबायचं. तेवढं तरी नीट करत जा." रिमोट उचलून तिने तीन दाबले, दिवा विझला, आणि ती खोलीत गेली. उठताना दाबायचे असते, तसे नीट दाबले. मी हे कुणाला सांगितलेले नाही. पत्नी तिथेच बसली होती, तिला सांगायची गरज नव्हती.

नोंद खोटी असल्याची खात्री करण्यासाठी साहेबांनी आमचे घर सांभाळणाऱ्या कंपनीच्या गिल बाईंना आत्ता माझ्यासमोर फोन लावला व सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. त्या फार चिडल्या. म्हणाल्या, "बानसाहेब, जूनमध्ये मी घरी आले तेव्हा दारात तिच्या चपला होत्या. वहिनी म्हणाल्या वाचनालयात गेलीय. आता म्हणता सगळं खोटं. मग या घडीला तुमच्या घरी कोण बसलंय?"

साहेबांनी विचारले, म्हणजे काय?

"मशीन समोर आहे माझ्या. सहा वाजून चार मिनिटांनी टीव्ही लागलाय. तीन नंबर, एकटाच."

त्या वेळी भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून अकरा मिनिटे झाली होती. आम्ही दोघे पाच वाजल्यापासून या खोलीत आहोत. दाराचा आकडा आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक नाही. कुलपाचा आकडा दर सहा महिन्यांनी बदला म्हणून लोकांना मीच सांगत फिरतो. माझ्या दाराचा आकडा मुलीची जन्मतारीख आहे, तो मी बदललेला नाही.

पत्नी हे ऐकताच उठून गेली. तिचा कोट अजून खुर्चीवर आहे. तिची सही घ्यायची राहिली असे साहेब म्हणाले, ती उद्या घ्यावी.

गिल बाईंनी फोन ठेवण्याआधी विचारले, मग तीन नंबर नोंदीतून काढू की ठेवू? मी ठेवा म्हणालो. तक्रार मागे घेता का, असे साहेबांनी विचारल्यावर सांगतो की, डोळ्यांनी बघेपर्यंत घेत नाही. तोवर तुम्ही शोध चालू करा. दिवा सहा चौतीसला मिचकू लागेल. ती बसून राहिली तर दाबेल, निघून गेली तर विझेल. घर इथून चालत पंधरा मिनिटांवर आहे, मी चालत जाणार नाही. कृपया लिहिणे आटोपावे.

वरील जबाब संगणकावर लिहून मला वाचून दाखवण्यात आला. मी तो उभ्यानेच, दारापाशी ऐकला. तो मी सांगितल्याप्रमाणे खरा व बरोबर आहे. वेळ ६ वाजून १९ मिनिटे.

सही/- बान सोक-जू