सर्जनच्या हातातलं बेडपॅन

फूलबागेजवळच्या बँकेत, पेन्शनसाठी आपण अजून जिवंत आहोत हे लिहून द्यायच्या रांगेत माझ्यापुढे तिघं होते: एक निवृत्त सर्जन, डॉक्टरकी शिकणारी त्यांची नात अंतरा आणि त्यांच्या वॉर्डातल्या जुन्या वनमाला सिस्टर.

"सिस्टर, हिच्या कॉलेजात सोमवारपासून नर्सिंगच्या मुलींबरोबर एकत्र वर्ग आहे. ही म्हणते, जाणार नाही."

"आजोबा, बेडपॅन द्यायला मी एमबीबीएस करतेय का? मतलब काय त्याचा?"

"तुझे आजोबाही हेच म्हणाले होते, बेटा. आमच्या सरांनी आम्हाला एकत्र बसवलं आणि पहिल्याच दिवशी यांच्या हातात बेडपॅन दिलं."

"नेलं की मी. बिर्लानगरच्या कापडगिरणीतला कामगार होता, पाय प्लास्टरमध्ये."

"तो म्हणाला, साहेब, आत्ता नको. दुपारपर्यंत नकोच म्हणत राहिला."

"पोट टम्म फुगलं. मी शिकाऊ, तरी म्हणालो, ऑपरेशनच करावं लागणार."

"मग?"

"मग मी यांना वॉर्डाबाहेर काढलं. डॉक्टरसाहेब समोर उभे असताना त्या बिचाऱ्याला कसं व्हायचं? दहा मिनिटांत पोट उतरलं."

"तेव्हापासून सिस्टरना विचारल्याशिवाय मी कुणाच्या पोटाला सुरी लावली नाही. काय दिवस होते."

"विचारायचे, खरंय. उत्तर ऐकताना तोंड मात्र खिडकीकडे."

"जाते मी सोमवारी. पण आजोबा, हे तुम्ही घरी कधीच सांगितलं नाहीत."

"घरी मी सर्जन होतो ना, बाळ."