मिलिंदची मोठी गाडी

मी बदलापूर गावातलाच. म्हंजे आता बदलापूर म्हटलं की लोक स्टेशनजवळच्या बिल्डिंगी बघतात, ते नाय, जुना गाव, नदीकडचा, तिथला. बाबूस माझा, म्हंजे बाप, भात लावायचा, आणि शेती उरकली की बैलगाडीत पेंढा भरून तबेल्यांना न्यायचा. पेंढ्याचं कसं असतं, वजन काय नाय पण जागा लय खातो, गाडी भरली की मागून बघणाऱ्याला ना गाडी दिसते ना बैल, नुसता डोंगर चाललाय असं वाटतं. मी त्या डोंगरावर बसून गेलोय ल्हानपणी. पुढं जमिनीवर बिल्डिंगी आल्या, भावाभावांत वाटे झाले, शेत संपलं. मी उल्हासनगरला फर्निचर बाजारात लागलो, एका सिंधी शेठच्या टेम्पोवर डायवर म्हणून. कपाटं, दिवाण, सोफे, शोकेस. सोफा पेंढ्यासारखाच, हलका पण जागा खाणारा, आणि लोखंडी कपाट त्याच्या उलट. हे मला कुणी शिकवलं नाय, दोरी बांधून बांधून कळलं.

लगीन झालं, दोन पोरी झाल्या, तवा सुगंधा, माझी बायको, बोलायला लागली की दुसऱ्याची गाडी किती दिस चालवणार. मंग आमी ठरवलं, जुनी का असेना, आपली गाडी घ्यायची. सुगंधा बोलली, तीनचाकी टेम्पो बघा, ल्हान, आपल्याला झेपंल असा. मला पण तेच बरोबर वाटलं, खोटं कशाला बोलू, कारण उल्हासनगरच्या कॅम्पातल्या गल्ल्या तुमी बघितल्या असतील, समोरून स्कूटर आली तर माणसाला भिंतीला चिकटावं लागतं. तिथं मोठी गाडी घेऊन काय करायचं?

जुन्या गाड्यांचा बाजार तिथंच, एका शेठकडं गेलो. तीनचाकी दाखवली त्यानं दोन-चार, सगळ्यांची इंजिनं गेलेली. आणि कोपऱ्यात ही उभी. मोठी पिकप, लांब हौदा, निळा रंग, कपाळावर पांढऱ्या अक्षरांत लिवलेलं, समता. भाव ऐकला तर मला वाटलं माझी मस्करी करतोय. तो बोलला, साईं, झूठ नहीं बोलूंगा, गाडी फर्स्टक्लास है, चलानेवाला गायब हो गया, इसलिए कोई लेता नहीं. मेला का? मी विचारलं. तो बोलला, मरा होता तो बिक जाती.

काय सांगू तुमाला, ते वाक्य मी त्या दिवशी नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ मला पुढं कळला.

तर झालं असं होतं, की अंबरनाथला वाघमारे बाबा म्हणून, सरकारी फॅक्टरीतून रिटायर झालेले, बौद्ध समाजातले, बायको आधीच वारलेली, घरात ते आणि त्यांचा एकुलता पोरगा मिलिंद. ही पिकप बापाच्या नावावर, चालवायचा पोरगा. एक दिवस सकाळी डबा घेऊन गाडी काढली, ती गाडी बदलापूरच्या पुढं नदीच्या पुलाजवळ सापडली, रस्त्याच्या कडेला नीट लावलेली. चावी गाडीला. सीटवर डबा, जेवून धुवून पुसून ठेवलेला. पोरगा नाय. पोलिसांनी नदी शोधली, आमच्या गावचे पोहणारे उतरले पाण्यात, माझा चुलतभाऊ पण होता त्यांच्यात, काय मिळालं नाय. चप्पल नाय, कपडा नाय, कायच नाय.

कागदावर सह्या करायला वाघमारे बाबा आले. उंच माणूस, पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. सगळं झालं आणि मला बाजूला घेऊन बोलले, बाळाराम, गाडी तुमची झाली, आता माझा काही हक्क नाही, पण एवढं करा, रंग बदलू नका आणि नाव पुसू नका. कुठं दिसली तर त्याला ओळखू आली पाहिजे.

मी हो म्हटलं. कोण नाय म्हणंल?

घरी आणली तर सुगंधा गाडीजवळ जाईना. लिंबू-मिरची बांधली, नारळ फोडला, तरी बोलली, मी बसणार नाय ह्यात. आणि मला तरी कुठं नीट बसता येत होतं? मिलिंद बापासारखाच उंच असणार, सीट पार मागं सरकवलेली आणि तिथंच गंजून अडकलेली. माझे पाय पोचायचे नाय. पाठीला उशी लावून चालवायचो. गिअरच्या दांड्यावर त्याच्या तळव्यानं खड्डा पडलेला, माझा हात बारीक, त्या खड्ड्यात हात ठेवला की वाटायचं आत्ताच कुणीतरी हात काढलाय. आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडं खेचायची. किती मिस्त्रींना दाखवली, चार दिस बरी चालायची, परत खेचायची.

अंबरनाथला मी भाडं घेऊन गेलो की रस्त्यातली माणसं हात करायची. मला नाय, गाडीला. एकदा एका टपरीसमोर थांबलो तर टपरीवाला मी काय बोलायच्या आधीच चहा घेऊन खिडकीशी आला, बिनसाखरेचा. हात आत घातला आणि माझं तोंड बघितलं. मी चहा घेतला. काय करणार, परत कसा देणार? पण त्या दिवसापासून गाडी चालवताना डाव्या सीटकडं बघायचं मी टाळायला लागलो. कुणी नसायचं हो तिथं. पण बघायचो नाय.

आणि मंग तिथं खरंच कुणीतरी बसायला लागलं. वाघमारे बाबा. फर्निचर बाजारात आमचा स्टँड, तिथं रिक्षानं यायचे, गाडीला भाडं नसलं की दार उघडून डाव्या सीटवर बसायचे, घटकाभर, आणि उतरून जायचे. पहिल्यांदा आले तवा विचारलं, बसू का? मंग विचारायचं पण बंद झालं. बाकीचे डायवर हसायचे, तेरा ससुर आया बोलायचे. मी त्यांना एकदा सांगितलं काय झालंय ते. मंग नाय हसले. बाबा आले की कुणीतरी चहा आणून द्यायचा.

एकदा मला बोलले, बाळाराम, भांडण ह्या गाडीवरूनच झालं होतं. मी त्याला सांगत होतो छोटी घे, आपण दोघंच माणसं, पोटापुरतं मिळालं तरी पुष्कळ झालं. तो म्हणायचा, बाबा, मुंबईची माणसं इकडं राहायला येतायत, चाळीतलं घर विकून बदलापुरात फ्लॅट घेतायत, अख्खा संसार एका खेपेत आणायचा तर मोठीच पाहिजे, छोट्या गाडीत अर्धा संसार मागं राहतो. घेऊन दिली मी. पण गाडी रिकामी उभी राहिली की मी बोलायचो, बघ, सांगत होतो ना. रोज बोलायचो. जेवतानासुद्धा. छोटी घेतली असती तर, बाळाराम, तर तो गेला असता का?

मी बोललो, बाबा, गाडीच्या मापानं माणूस जात नाय. आत काय होतं त्याच्या, ते त्यालाच ठाव. ते मान हलवायचे. पण पुढच्या खेपेला परत तेच विचारायचे.

आणि मिलिंद चूक नव्हता हां, ते पण सांगतो. घरं बदलणाऱ्यांना मोठीच गाडी लागते. डोंबिवलीची फॅमिली बदलापूरला आणली की कपाट, पलंग, फ्रिज, पाण्याचं पिंप, तुळस, देव, सगळं एकदम यायचं, आणि वर बाई बसायची मांडीवर मिक्सर घेऊन. पोरगा थोडा लवकर निघाला होता, एवढंच. धंदा त्याच्या मागून आला.

पण रोज कुठं घरं बदलतात लोक? रोजचं पोट फर्निचरवर. आणि मंग बाजारात ते छोटे चारचाकी टेम्पो आले, लोक छोटा हत्ती बोलायला लागले त्याला. बघता बघता आमच्या स्टँडवर अर्धे तेच. गल्लीत जातो, दुकानाच्या पायरीला लागतो, डिझेल कमी पितो. माझी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची आणि कपाट हमालांच्या डोक्यावर आत जायचं, हमाली वेगळी. गिऱ्हाईक दुरूनच विचारायचं, छोटी गाडी है क्या? मी नाय म्हटलं की पुढं. सुगंधा बोलली, अहो पोरींच्या तोंडाकडं बघा, विका ती आणि छोटी घ्या. तिचं काय चुकलं सांगा? नाशिकचा एक भाजीवाला तयार पण होता घ्यायला.

मी बाबांना सांगितलं. ते सीटवर बसलेले. काचेतून समोर बघत बोलले, नाशिकला गेली तर त्याला दिसणार कशी?

मी नाशिकवाल्याला विकायची नाय म्हणून सांगितलं. सुगंधा माझ्याशी बोलेना.

त्याच उन्हाळ्यात ते झालं. बदलापूरच्याच बेलवलीत एका फॅमिलीचं सामान उतरवत होतो, गल्लीच्या तोंडाशी गाडी, हमाल शेवटचं कपाट घेऊन आत गेले, मी त्यांच्या मागं दोरी घेऊन. परत आलो तर गाडीसमोर एक माणूस उभा. उंच, दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी. गाडीच्या कपाळावरच्या नावावरची धूळ तळहातानं पुसत होता. मला वाटलं पत्ता विचारतोय. मी बोललो, काय पायजे? त्यानं माझ्याकडं बघितलं पण नाय. बोलला, ब्रेक मारला की डावीकडं खेचते, अजून तसंच आहे का?

मी हो म्हटलं. सरळ, कुणी मिस्त्री विचारतोय तसं. तो मान हलवून चालायला लागला. आणि तो वळणावर पोचला तवा माझ्या डोक्यात शिरलं, अजून. अजून म्हणाला तो. हातातली दोरी टाकून पळालो मी, वळणावर गेलो, स्टेशनच्या रस्त्याला गेलो, माणसंच माणसं, पिशवीवाली, दाढीवाली, उंच, सगळी. हाक तरी काय मारणार? मिलिंद म्हणून ओरडलो. दोन पोरांनी वळून बघितलं, ते दुसरेच मिलिंद.

आता तुमीच सांगा, तो तोच होता का? एखादा जुना मिस्त्री असंल, ज्यानं ती गाडी कधी बघितली असंल. मला नाय ठाव. मी मिलिंदला कधी बघितलेलाच नाय.

सुगंधा बोलली, म्हाताऱ्याला सांगू नका, झुरून मरंल. पण मी कसा गप बसू? दुसऱ्या दिवशी अंबरनाथला घरी गेलो त्यांच्या आणि होतं तसं सांगितलं. त्यांनी फोटो दाखवला, त्यात बारीक, गुळगुळीत दाढी केलेला पोरगा. मी तोच म्हटलं नाय आणि तो नाय असं पण म्हटलं नाय. ते फोटो हातात धरून विचारत राहिले, तब्येत कशी होती? चप्पल होती का पायात? आवाज बसलेला होता का, त्याला उन्हाचा त्रास होतो. मी जे आठवलं ते सांगितलं. शेवटी विचारलं, हसला का? मी म्हटलं, नाय बाबा.

त्या दिवसापासून बाबा स्टँडवर यायचे बंद झाले. बेलवलीच्या त्या वळणावर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसायला लागले. रोज. छत्री घेऊन. मी त्या बाजूला गेलो की गाडी हळू करायचो आणि ते आधी गाडीकडं बघायचे, मंग माझ्याकडं. ती नजर, काय सांगू. मी रस्ताच बदलला. लांबून वळसा घालून जायचो. सुगंधाला माझं काय बिनसलंय ते कळलं आणि तीच एक दिवस त्या पायरीवर डबा घेऊन गेली. जी गाडीला हात लावायला तयार नव्हती ती. रोज डबा द्यायला लागली. डबा ठेवायची आणि रिकामा घेऊन यायची.

पावसाळा निघून गेल्यावर बाबा आमच्या घरी आले, पहिल्यांदा. पाणी घेतलं आणि बोलले, बाळाराम, गाडी विका. मी म्हटलं, बाबा, मी काय घाई करत नाय. ते बोलले, नाही, ऐका. त्याने गाडी बघितली. नावावरून हात फिरवला. म्हणजे ओळखली. आणि ओळखूनसुद्धा घरी आला नाही. म्हणजे तो वाट चुकलेला नाही. घर कुठं आहे ते त्याला माहीत आहे. मग ही गाडी कशाला उभी करून ठेवायची? तुमच्या मुलींचं नुकसान होतंय.

सुगंधा आतून बघत होती, तिनं पदर तोंडाला लावला.

गाडी मुरबाडकडच्या एका मांडववाल्यानं घेतली. बाबा आले होते. त्यांनीच त्याला विचारलं, माल काय नेणार? तो बोलला, बांबू, कनाती, खुर्च्या. बाबा बोलले, मग तुम्हाला हीच पाहिजे, छोट्यात बांबू बसत नाहीत. रंग बदलायचा तर बदला, असं पण आपणहून सांगितलं. मी दुसरीकडं बघत राहिलो.

आता मी छोटी चालवतो. बरं चाललंय. मोठी पोरगी कॉलेजला जाते, अंबरनाथला. नवीन पोरं येतात विचारायला, काका, मोठी घेऊ का छोटी, मी विचारतो तू वाहणार काय ते सांग पहिलं, दुसऱ्याची बघून घेऊ नको. काय ऐकतात, काय नाय ऐकत. नाय ऐकणाऱ्याच्या बापाला मी गाठून सांगतो, घेतली ना आता, मंग रोज बोलू नका त्याला.

वाघमारे बाबा थकलेत. रविवारी आमच्याकडं जेवतात, पोरी आजोबा बोलतात त्यांना. कुणी नवीन माणूस विचारतो, मुलगा काय करतो तुमचा, तर बोलतात, बाहेरगावी असतो. आणि मला ते खोटं वाटत नाय. पुलावरनं जाताना मी अजून खाली पाण्याकडं बघत नाय, आणि रस्त्यात उंच माणूस दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, आता हे असंच राहणार, त्याला इलाज नाय. तुमी एवढ्या लांबून आलात, बसून ऐकलंत, बरं वाटलं. जा सांभाळून. तुमच्या घरची सगळी माणसं संध्याकाळी घरात असोत, दुसरं काय मागायचं.