आभाळ रोको

दोन हजार पंचवीसच्या जूनमधली ही गोष्ट. अंबडच्या स्टँडवर आष्टीच्या गाडीसाठी बसलेल्या उषाबाईंच्या शेजारी काकासाहेब आणि त्यांची बायको आसराबाई दुबईहून येणाऱ्या मुलाची, अंगदची, वाट पाहत होते. आसराबाईंच्या मांडीवर हळदीची वाटी होती.

"अगं, अंगदचा फोन आल्ता. तिकडं लढाई पेटली. दुबईकडचं आभाळच बंद केलंय म्हणं."

"वडीगोद्रीला रस्ता रोको लई बघितले. हे आभाळ रोको कुणी काढलं?"

"अन् नव्या विमानतळावर उतरीन म्हणत व्हता, तर त्याची फीत कुणी कापायची ह्याच्यावरून इकडं पुढाऱ्यांचं जुंपलंय."

"फीत ऱ्हाऊ द्या! उद्या लगीन हाय. नवरदेवाची उष्टी हळद गेल्याबिगर नवरीला, आपल्या शालूला, हळद लागत न्हाई."

"मंग फोनला लाव. ह्यो बघ, व्हिडिओ लावलाय, त्यात दिसून राह्यलाय की तो."

"अन् हळद लागली की लगीन होईस्तोवर नवरीला उंबरा ओलांडता येत न्हाई. आभाळ उघडलंच न्हाई तर?"

"आई, जल्दी लाव! बॅटरी संपून राह्यली!" फोनमधून अंगद ओरडला.

आसराबाईंनी वाटीत बोट बुडवलं.

तेवढ्यात आष्टीची गाडी लागली; पुढचं उषाबाईंना आष्टीत लोकांच्या तोंडून कळलं. अंगद पंधरवड्याने मुंबईच्या जुन्याच विमानतळावर उतरला. काकासाहेबांच्या हळदीच्या फोनमधून अजून सगळ्यांचे आवाज दबकेच येतात. आसराबाई आभाळाकडे बघितल्याशिवाय कुठली तारीख धरत नाहीत. आणि तेवढे दिवस पिवळ्या अंगाने घरात कोंडून बसलेली शालू आता अंगदला अंबडच्या पुढे जाऊ देत नाही.